जाड तारेची खरखर

मामा जेवायला गेले होते, नाहीतर तो माझ्या वाट्याला आलाच नसता.

दुकानात शिरला तो गिटार तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून. आदल्याच दिवशी मी दुरुस्त केलेली गिटार. मामांच्या हाताखाली वाद्यं दुरुस्त करायला लागल्यापासून इतकं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं, त्यामुळे मी कौतुक ऐकायला तयारच होते.

"हिच्यातली खरखर कुठे गेली?" त्याने विचारलं.

"काढली! जाड तारेची खाच झिजली होती. तारा टेकतात ती पट्टीच नवी बसवली."

"मी तर फक्त सैल खुंटी घट्ट करायला दिली होती…"

माझा चेहरा खर्रकन उतरला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो स्टुलावर बसला आणि शांतपणे सांगायला लागला. तो एका ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडमध्ये वाजवायचा.

"लोकांना वाटतं, गिटारवाल्याने बोटं पळवावीत. माझी नाही पळत. मी एक सूर छेडतो आणि तो विझेपर्यंत थांबतो. त्या खरखरीमुळे तो घसा बसलेल्या माणसासारखा बोलायचा. आता शाळेत पहिला आल्यासारखा वाजतोय."

मला हसू फुटलं, मग मी जीभ चावली.

"शनिवारी रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला.

जुनी पट्टी काढतानाच तुटली होती. आता एकच उपाय होता — नव्या पट्टीची खाच हळूहळू घासायची. तार सैल करायची, कानस एकदाच ओढायची, तार ताणायची, वाजवून बघायचं. कानस जरा जास्त लागली की सूर मेलाच. म्हणून तो रोज संध्याकाळी यायला लागला.

"खरखरे आले गं!" असं ओरडून मामा मुद्दाम आतल्या खोलीत जायचे.

तो डोळे मिटून ऐकायचा. मी त्याच्याकडे बघायचे.

"तुम्ही श्वास का रोखून धरता?" त्याने एकदा डोळे न उघडताच विचारलं.

"सुरात मिसळेल म्हणून…"

"मग मिसळू दे की."

माझे कान तापले.

मंगळवारी तो आवाज आला. अगदी तोच, मी हौसेने घालवलेला. तो सूर विझेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अजून… नाही."

मी पुन्हा तार सैल केली. कानस नुसती वरच्यावर फिरवली, खाचेला लागूच दिली नाही. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. खरखर परत आली म्हटलं की त्याचं येणं थांबणार होतं, आणि मला ते नको होतं. सरळच सांगायचं तर मी प्रेमात पडले होते.

शुक्रवारी मात्र मी कानस खणातून काढलीच नाही.

"झालंय," मी म्हणाले. "मंगळवारीच झालं होतं. नंतर मी नुसतं नाटक केलं. उद्या रेकॉर्डिंग आहे… घेऊन जा."

"माहीत आहे."

"काय?"

"मलाही मंगळवारीच ऐकू आलं होतं. पण 'झालं' म्हटलं असतं, तर बुधवारी कोणत्या तोंडाने आलो असतो?"

"मी काय बहिरा आहे?" आतून मामांचा आवाज आला. "मलाही आलं होतं!"

तो कानापर्यंत लाल झाला. मग गिटार मांडीवर घेऊन हळूच म्हणाला, "उद्या येशील रेकॉर्डिंगला? आणि… त्यानंतरही, अशीच? लगेच सांगू नकोस. सूर विझू दे, मग सांग."

त्याने जाड तार छेडली. तो बसक्या घशाचा सूर दुकानभर पसरला. भिंतीवर टांगलेल्या गिटारीही बारीक थरथरल्या. मेला संपता संपेना!

अर्ध्यातच मी "हो" म्हणून मोकळी झाले.

"घाई केलीस," तो डोळे मिटूनच हसला. पण त्याने तारेवर हात ठेवला नाही. उरलेला सूर आम्ही दोघांनी मिळून शेवटपर्यंत ऐकला.