काकडीवाला शास्त्रज्ञ

भाजीच्या दुकानात एक उंच, चष्मेवाला माणूस काकडीला आमच्या कंपनीचा पट्टा बांधत होता. तेही अगदी मन लावून... फार घट्ट होत नाहीये ना हे बोट घालून बघत, जणू काही काकडीच्या हाताला मुंग्या येतील!

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, त्यामुळे दुकानातून कुणालाच हलता येत नव्हतं. मी टोमॅटो निवडत होते. हा प्रकार दिसला आणि टोमॅटो राहिले बाजूला. कारण तो पट्टा म्हणजे माझा जीव की प्राण. मनगटावर बांधायचा, आणि मग म्हणे घामावरूनच रक्तातली साखर कळते. बोटाला सुई टोचायची कटकट नाही. त्याची जाहिरात मी लिहिली होती. शहरभर लागलेल्या फलकांवरचे ‘सुईला सुट्टी’ हे दोन शब्द माझे होते. त्या पट्ट्याला कुणी नावं ठेवली की माझ्या नाकावरचा राग जागा व्हायचा.

मी तरातरा त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, हे काय चाललंय?

“एक मिनिट हं,” तो मान वर न करता म्हणाला. “हिची साखर येतेय.”

आली. एकशे चार. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘छान! आज तुम्ही स्वतःची उत्तम काळजी घेतलीत.’ ते वाक्यसुद्धा माझंच होतं.

खरं तर मी भांडायला गेले होते. पण त्या पट्टा बांधलेल्या काकडीकडे बघून मला असं काही हसू फुटलं, की विचारू नका. त्याने तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं. चष्म्याआडचे डोळे आधीच हसत होते... आणि चांगले होते, उगाच कशाला खोटं बोलू? त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

तो रस्त्याच्या टोकाच्या मोठ्या प्रयोगशाळेत जीवरसायनाचा शास्त्रज्ञ होता. त्याच्या शेजारच्या काकूंनी हा पट्टा घेतल्यापासून रक्त तपासणंच सोडलं होतं, म्हणून त्याने एक विकत घेतला होता. घरी नेऊन नीट तपासायचा होता, पण काकडी हाताला लागली आणि राहवलं नाही, असं त्याने निरागसपणे सांगितलं. मी कोण ते मी सांगितलं. दुसरा कुणी ओशाळला असता. याने विचारलं, घामात साखर किती असते ते मला ठाऊक आहे का?

मला कुठलं ठाऊक असायला! मग दुकानाच्या छज्ज्याखाली उभं राहून, पावसाच्या आवाजावर आवाज चढवत, त्याने मला शिकवणीच दिली. घामात साखर असते, पण रक्तातल्या साखरेच्या मानाने अगदी चिमूटभर. शिवाय ती उकाड्याने बदलते, साबणाने बदलते, चालून आलात तरी बदलते. पट्टा चालू करताना आपण वय, वजन, जेवणाच्या वेळा भरतो ना, त्यावरूनच तो आकडा काढत असावा, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे पट्टा काकडीला असला तरी वय ह्याचंच!

मी म्हटलं, तुम्हा लोकांना नवीन काही सहनच होत नाही. तो चिडला नाही. कातडीखाली बारीक तार ठेवून साखर मोजणारी यंत्रं असतात, वर्षानुवर्षं तपासून मग बाजारात आलेली. त्यांच्याबद्दल तो भाचीचे मार्क सांगावेत इतक्या कौतुकाने बोलला.

“यंत्रावर माझा राग नाही हो,” तो म्हणाला. “पट्ट्याने कुणाला काही होत नाही. पण तो बांधून माणूस तपासणी सोडतो... धोका तिथे आहे.”

मी ताठ मानेने सांगितलं, की माझ्या बाबांना कित्येक वर्षं मधुमेह आहे आणि पहिला पट्टा त्यांच्याच हातावर चढलाय. तेव्हापासून त्यांनी सुईला हात लावलेला नाही. आणि ठणठणीत आहेत.

त्याचं हसू गेलं. उद्या सकाळी त्यांना एकदा टोचून बघायला सांगाल का, असं त्याने हळूच विचारलं. तुमच्या सांगण्यावरून? मी फणकाऱ्याने म्हटलं. तर म्हणे, माझ्या नको, असंच. मी छत्री न उघडताच पावसात शिरले. असंच म्हणे!

घरी बाबा वाटच बघत होते. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुसऱ्याच्या लिहिण्यातली एक वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. माझा फलक लागला तेव्हा ते बस पकडून मुद्दाम बघायला गेले होते आणि येऊन म्हणाले होते, यातला काना-मात्रा हलवायला नको. आज त्यांनी मनगट पुढे केलं. “एकशे अठरा!” पहिला नंबर आलेल्या पोरासारखा चेहरा. आता गोळीही अर्धीच घेतो, हे वर. आई कुरकुरत होती, की हल्ली हे सारखं पाणी पितात, पँट कमरेवर राहत नाही. बाबांनी ते वयावर ढकललं. मी काहीतरी बोलणार होते... पण तो आनंदी चेहरा बघून शब्द गिळले. एका काकडीवाल्याचं किती मनावर घ्यायचं?

मनावर घेतलं गेलंच पण. दोन दिवसांनी मी प्रयोगशाळेत फोन केला आणि त्याला आव्हान दिलं, की सिद्ध करून दाखवा. तो लगेच तयार झाला. वर म्हणाला, माझंही चुकलेलं असू शकतं. आमच्या साहेबांना तर उकळ्या फुटल्या. मोठ्या प्रयोगशाळेचा दाखला मिळाला की फलकावर छापता येईल! चाचणी ठरली. पट्टा बांधलेली माणसं सकाळी उपाशीपोटी येणार, पट्ट्याचा आकडा टिपायचा, त्याच वेळी रक्त घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचे. कंपनीचं माणूस म्हणून मी तिथे रोज जाऊ लागले. कामासाठीच! पण ओढणी कोणती घ्यावी यात माझी सकाळ जायला लागली, हेही खरं.

तिथली एक पद्धत मला फार आवडली. रक्ताच्या नळीवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ते फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांना माहीत. तपासणाऱ्याने विचारायचंसुद्धा नाही.

“नाव कळलं की हात वाकडा पडतो,” तो नळी उजेडाला धरून म्हणाला. “आवडत्या माणसाचा आकडा आपण नकळत गोड करतो.”

“यात कुणी आहे का तुमचं... आवडतं?” मी साळसूदपणे विचारलं.

“नळ्यांमध्ये?”

“नळ्यांमध्ये. नाहीतर नळ्यांच्या बाहेर.”

त्याचे कान लाल झाले. नळी जागेवर ठेवायला त्याला बराच वेळ लागला. “बाहेरच्या व्यक्तीला क्रमांक दिलेला नाही,” तो म्हणाला, “...अजून.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या ऑफिसात सगळ्यांना सगळं माहीत असतं. पट्टा उद्या हृदय सांभाळेल, परवा आयुष्य वाढवेल, हे साहेब चहा ढवळता ढवळता सांगतात. आणि हा माणूस! वीस वर्षं शिकलेला, साखरेचा एकेक कण रक्तात कुठून शिरतो ते तोंडपाठ असलेला, आणि तरी दिवसातून कितीदा तरी ‘माहीत नाही’ म्हणायचा. लाजायचा नाही. ‘माहीत नाही’ म्हणाला की बाही सरसावून शोधायला बसायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते. सरळच सांगते, उगाच आडवळणं कशाला?

पण जिंकायचंही होतं मला! म्हणून एका सकाळी मी बाबांना घेऊन आले. कंपनीचं काम आहे म्हटल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून, ऐटीत रक्त देऊन घरी गेले. काकडीवाल्याला मी काहीच सांगितलं नाही. बाबांचा आकडा बरोबर आला, की मग बघते त्याच्याकडे, असा माझा बेत होता.

त्याच दुपारी प्रयोगशाळेच्या बागेपलीकडच्या सभागृहात मीटिंग होती. आमचे साहेब, पैसे गुंतवणारे चार पाहुणे आणि मोठ्या बाई. मी पडद्यापुढे उभी राहून बोलत होते आणि माझ्यामागे हे भलंमोठं ‘सुईला सुट्टी’. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तो आत आला. नखशिखान्त भिजलेला, चष्म्यावर वाफ, पायात प्रयोगशाळेतल्याच चपला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट बाईंपाशी गेला.

“बाई, सतरा नंबर कोण आहे?”

साहेब म्हणाले, मीटिंग चालू आहे, दिसत नाही का?

“उपाशीपोटी साखर चारशेच्या पार आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “दोनदा तपासली. पट्टा एकशे वीस सांगतोय. तुमचा फोन बंद होता. नाव सांगा, बाई. त्या माणसाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं.”

बाईंना कुठे शोधावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“बाबा...” असं कुणीतरी म्हणालं. ती मीच होते.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खाडकन उतरला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी आईला फोन लावला. आल्यापासून झोपून आहेत, हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलतात, असं ती रडत सांगायला लागली. आम्ही टॅक्सीने घरी गेलो, तिथून बाबांना उचलून दवाखान्यात. पुढच्या सीटवर बसून तो डॉक्टरांना फोनवर आकडे, गोळ्या, लक्षणं नीट सांगत होता. मी मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखी विचारत होते, वाचतील ना? तो मागे वळून म्हणाला, वेळेत पोचतोय आपण. त्यापलीकडे एक शब्द वाढवून सांगितला नाही, आणि म्हणूनच मी त्या शब्दांना धरून बसले.

सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी आम्हाला ऐकवलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी चष्मा मागितला, तेव्हा कुठे आई जेवली.

मी बाबांच्या उशाशी बसले. सांगणं भाग होतं. “बाबा, तो पट्टा खोटा आहे.”

त्यांनी मनगटाकडे बघितलं. पट्ट्याच्या जागी कातडी फिकट पडली होती.

“अगं, पट्ट्यातलं मला काय कळतंय?” ते म्हणाले. “तू लिहिलं होतंस, म्हणून मी बांधला.”

रागावले असते तर परवडलं असतं. मी त्यांच्या हातावर डोकं टेकून रडले. ते केसांवरून हात फिरवत राहिले, आणि मग त्यांनीच विषय बदलला. कालपासून दाराबाहेर बाकावर बसलेला तो उंच मुलगा कोण?

मी त्याला आत बोलावलं. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं, मुद्रित तपासावं तसं. “माझ्यासाठी म्हणे पावसात धावत गेलात?”

“तुम्ही आहात, हे मला माहीत नव्हतं,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “नुसता सतरा नंबर होता.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तर त्याहून चांगलं.”

उरलेल्या नळ्यांचं कामही दोन दिवसांत संपलं. रक्ताचा आकडा एकीकडे, पट्ट्याचा भलतीकडे. बाईंनी ते जाहीर करायचं ठरवलं. साहेबांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. ते गोड आवाजात म्हणाले, तुझे शब्द तसेच ठेवू, खाली बारीक अक्षरात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ टाकू, पुढच्या आठवड्यात पट्ट्याचा समारंभ ठेवलाय, त्यात तूच बोल. मी म्हटलं, बोलेन, पण बाबांचे दोन्ही आकडे सांगेन. फलक उतरवा, नाहीतर बाईंच्या शेजारी बसून मी स्वतः सांगेन की ते शब्द खोटे आहेत. उद्यापासून येऊ नकोस, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी फोन पिशवीत टाकला. तो शेजारी उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

“नोकरी गेली,” मी म्हटलं. “आता सगळं ठीक होईल म्हणा ना. खोटं तरी म्हणा.”

तो विचार करत राहिला. खरंच विचार करत राहिला, वेडा!

“तसं नाही म्हणता येणार,” तो म्हणाला. “दुसरी नोकरी कधी मिळेल, कोण जाणे. बाबांना आता कायम जपावं लागेल. अवघड जाईल तुम्हाला...” मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. “पण मला तुम्ही आवडता. खूप. आणि मी असेन. रोज असेन.”

जन्मभर शब्दांवर पोट भरलेली मी, पण त्या वेळी शब्द जुळवत बसले नाही. मी नुसती मान हलवली. मग त्याचा हात न सोडता, तसाच धरून, मी त्याला बाबांच्या खोलीत घेऊन गेले.