वाळूच्या दांड्यावरची मोकळी जागा

थंडी पडली की खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांची मोजणी घड्याळजींच्या बायकोकडे असायची. ती बंधारा उतरून दुर्बीण घेऊन वाळूवर जाऊन बसायची आणि घड्याळजी वर बसून थर्मासमधला चहा सांभाळायचे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिन्हीसांजेला घरी आल्यावर ती आधी मोजणी फोनवरच्या ग्रुपला कळवायची आणि मग पानं वाढायची, तोवर यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे. तेवढेच कावळे ती मोजत नाही, असं ते दरवर्षी एकदा तरी म्हणायचेच.

पावसाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं.

हिवाळा लागला तसं ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ताईंचं काम यंदा कोण करणार? घड्याळजींनी 'मी' असं लिहून टाकलं आणि मग त्यांना घाम फुटला. तिकडे शहरातून लेकीचा तगादा चालू होता, की बाबा, घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. पाहुणे पक्षी गेले की येतो, असं सांगून यांनी वेळ मारून नेली. खरी गोष्ट एवढीच होती की बायकोला इथे एकटीला टाकून जायला त्यांचा पाय निघत नव्हता. वेडेपणा होता हा, आणि तो त्यांना कळतही होता.

एक मात्र बरं झालं. एक डोळा मिटून दुसऱ्याने भिंगातून बघायची सवय हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे दुर्बिणीशी त्यांचं चटकन जमलं. चिखल्या कुठला, कुरव कुठला हे ग्रुपवरची माणसं फोटो बघून सांगायची. खाडीपलीकडे राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई तर रोज उत्तर द्यायच्या.

एका संध्याकाळी घड्याळजींना दांड्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. सगळी वाळू पक्ष्यांनी भरून गेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मधोमध एक गोल तेवढा रिकामा. चांगला अंगणाएवढा. त्यांना वाटलं पाणी साचलं असेल. त्यांनी फोटो टाकला आणि तसं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, पाणी नाही ते. माणूस बसला की पक्षी असे लांब राहतात. चहूबाजूंनी सारखं अंतर ठेवून."

"पण माणूस तर नाही तिथे."

"नाही ना... मीही इकडून तेच बघतेय."

मग डॉक्टरीणबाई थंडी फार पडलीय, कानाला मफलर बांधा, असं काहीतरी बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

गोल रोज पडू लागला. बायको नेहमी बसायची तिथेच. घड्याळजींना पहिल्या दिवशी भीती वाटली, दुसऱ्या दिवशी कमी वाटली, आणि पुढे तर दुपारपासूनच त्यांचं लक्ष बंधाऱ्याकडे लागायचं. ती असताना ते एकदाच तिच्यासोबत खाली वाळूवर गेले होते. चांगले दोन हात अंतर ठेवून बसले होते. तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "अहो, असे लांब नका बसू. खेटून बसा. म्हणजे पक्ष्यांना आपण दोघं एकच वाटतो, मग ते जवळ येतात." त्यावर यांनी इकडेतिकडे बघितलं होतं. उघड्यावर बायकोला खेटून बसायचं म्हणजे काय! चहा गार होतोय असं सांगून ते बंधाऱ्यावर परत आले होते. पुन्हा तिने बोलावलं नाही आणि हेही गेले नाहीत.

थंडी सरत आली, पाहुणे पांगू लागले आणि लेक गाडी घेऊन येऊन ठेपली. आता कुठलीच सबब उरली नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती घरात सामान बांधत होती. घड्याळजी शेवटची मोजणी करून येतो म्हणून निघाले. बायकोला एकदा सांगून यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्या दिवशी भरती मोठी होती. पाणी चढू लागलं तसा दांडा बुडत चालला आणि पक्षी मागे मागे, बंधाऱ्याच्या दिशेने सरकू लागले. त्यांच्यामधून गोलही सरकत होता. तो एका जागी थांबला नाही, की विरला नाही. एखादं माणूस सावकाश चालत यावं आणि पक्ष्यांनी बाजूला होऊन वाट द्यावी, तसा तो येत होता. वारा पडला होता. चिखलाचा खारट वास होता आणि त्यात दुसराही एक वास मिसळला होता... निलगिरीच्या तेलाचा. थंडीत ती दोन थेंब शालीच्या पदराला लावायची.

घड्याळजी म्हणाले, "अगं... उद्या जातोय मी. लेकीकडे."

गोल बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन थांबला. मग बंधाऱ्याच्या दगडांवर बसलेले तुतवार पक्षी एकेक करून उठले, खालचे आधी, मग त्यांच्या वरचे. कुणीतरी चढत होतं.

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. 'तूही चल' एवढंच म्हणायचं होतं. पण अंगावर सरसरून काटा आला. ते उठले आणि मागे वळून न बघता घरी आले. थर्मास तिथेच राहिला. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. ज्या बाईसोबत अख्खा संसार केला तिला आपण भ्यालो, याची त्यांना लाज वाटत होती, आणि रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी दुर्बीण मांडीवर घेतली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा संदेश आला. आज दांडा पक्ष्यांनी पूर्ण भरला आहे, मधे जागा नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. घड्याळजींनी तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. आपण विचारलं नाही म्हणून ती रागावून गेली, असंच त्यांच्या मनाने घेतलं.

लेकीच्या इमारतीला मोठी गच्ची होती. सकाळी वेळ जात नाही म्हणून ते मूठभर दाणे घेऊन वर गेले आणि बाकावर बसले. दाणे सगळीकडे सारखे फेकले. कबुतरं भर्रकन उतरली. शहरातली कबुतरं ती, माणसाची त्यांना कसली भीती! उजवीकडे तर ती त्यांच्या चपलेपाशी टिपत होती. डावीकडे मात्र एकही येईना. तिथले दाणे तसेच पडून होते, आणि कबुतरं त्यांच्याभोवती अर्धगोल करून माना वेळावत उभी होती.

लेक चहा घेऊन वर आली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागली.

"तिथे नको, बाळ. इकडे बस."

ती उजवीकडे बसली. कप हातात देताना तिने हुंगल्यासारखं केलं.

"बाबा, निलगिरीचं तेल लावलंय का तुम्ही?"

"नाही गं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. घड्याळजींनी कप खाली ठेवला. भीती होतीच. इकडेतिकडे मात्र त्यांनी या वेळी बघितलं नाही. ते बाकावरून डावीकडे सरकले, आणखी थोडे सरकले, खांद्याला गारवा लागेपर्यंत सरकले आणि तसेच खेटून बसले.

तेव्हा कुठे डावीकडची कबुतरं दोन पावलं पुढे आली आणि दाणे टिपू लागली.