डावीकडचा उतार

स्की की स्नोबोर्ड, यावरून जेवणाच्या टेबलावर रोज जुंपायची. बापाचं म्हणणं, दोन पायांना दोन पट्ट्या हव्यात. लेकीचं म्हणणं, एकच फळी, आणि तीही लाल. चष्म्याच्या दुकानातून दमून आलेली आई दोघांच्या मधे बसून रिसॉर्टचा नकाशा सरळ करायची. "आधी खोली तर ठरवा. बाजारात तुरी, असं चाललंय तुमचं."

बर्फावर घरातल्या कुणीच कधी पाय ठेवला नव्हता.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत अण्णा बसलेले असत, आईचे सासरे. छापखान्यात सारा जन्म उभ्यानं काढलेला माणूस. पक्षाघातानं उजवी बाजू गेली आणि बोलणंही आटलं. सहलीच्या आठवड्यात त्यांना नणंदेकडे ठेवायचं, हे ठरवताना सगळे त्यांची नजर टाळून बोलले होते.

एका संध्याकाळी अण्णा आपणहून म्हणाले, "पोरीला रोपवेच्या डावीकडच्या उतारावर शिकवा. उजवीकडे सकाळचं ऊन येत नाही. बर्फ काचेसारखा होतो."

"अण्णा, उंटावरून शेळ्या हाकताय होय?" त्यांचा मुलगा म्हणाला.

अण्णा हसले. इतक्या दिवसांनी हसले, की पुढे कुणी काही विचारलंच नाही.

सुनेला शिकवणीच्या चौकशीसाठी रिसॉर्टला फोन करायचाच होता. पलीकडची बाई म्हणाली, "नवशिक्यांना आम्ही डावीकडेच नेतो. उजवीकडे सकाळी फार घसरतं." टीव्हीवर कुठंतरी पाहिलं असेल अण्णांनी, अशी सुनेनं मनाची समजूत घातली.

मग त्यांचा चेहरा बदलू लागला. रोज माणसांच्या नाकाकानांवर चष्मे बसवणाऱ्या बाईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. गाल आणि नाकाचा शेंडा रापलेला, ओठ फुटलेले. डोळ्यांभोवती मात्र रुंद फिकट पट्टा, कानांकडे निमुळता होत गेलेला. मोठा गॉगल लावून दिवसभर उन्हात राहणाऱ्याचा असतो तसा. आणि अण्णा तर कित्येक महिन्यांत जिनासुद्धा उतरले नव्हते.

"अण्णा, हे काय झालं?"

"वर वारा फार आहे गं," ते म्हणाले, आणि चोरी पकडली गेल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

डॉक्टरांनी मलम दिलं. पण बेत जसजसा पुढे सरकला, तसतसं नवंच काही दिसायला लागलं. खोली पक्की केली त्या दुपारी अण्णांचे मोजे ओले निघाले. मोजे काढताना तिचा हात त्यांच्या लुळ्या पायाच्या पोटरीवर गेला आणि तिथंच थांबला. पाय तसाच होता, खुर्चीत नुसता ठेवल्यासारखा. पोटरी मात्र भरली होती, घट्ट झाली होती, रोज मेहनत करणाऱ्या माणसासारखी.

नवऱ्यानं स्वतः हात लावून पाहिला. "रद्द करू या," तो म्हणाला. "मला हे बरं दिसत नाही."

नकाशा कपाटावर गेला. लेक रुसली. सहलीचं नाव काढायचं नाही असं ठरलं.

अण्णांचा चेहरा पुन्हा पांढराफटक पडला. पोटरी सैलावली. जेवणावरची वासना उडाली. कुणाला काही विचारलं नाही, तक्रार केली नाही. खिडकीबाहेर बघत राहायचे, गाडी चुकलेल्या माणसासारखे.

सुनेला ते बघवेना.

रविवारी दुपारी बापलेक बाहेर गेले, तेव्हा तिनं नकाशा काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. "सांगा अण्णा, कुठून जायचं?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात हलला.

"इथून निघ. गुडघे सैल सोड. भीती वाटली तरी पायांकडे बघू नकोस, पुढे बघ."

त्यांचं बोट कागदावरून सावकाश वळणं घेत उतरत होतं. खोलीत ऊन आलं होतं. पलंगाला टेकून ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. अण्णांचे मोजे ओलेचिंब होते.

तिनं टॉवेल आणला, जमिनीवर बसली आणि त्यांचे गारठलेले पाय ओंजळीत घेऊन चोळू लागली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. अण्णांच्या गालांवर रंग आला होता.

"पडलीस," ते डोळे उघडून म्हणाले. "पण लगेच उठलीस. शाबास."

ती हसली.

पुसलेल्या पायावर पाण्याचा थेंब पडला. तिनं तो टिपला. आणखी एक पडला, बर्फगार.

तिनं वर पाहिलं. छत कोरडं होतं.

मग तिनं आपल्याच केसांना हात लावला. कपाळावरच्या बटा गोठून ताठ झाल्या होत्या.