साठच्या वर नाही

दुपारी बाराला अनीस कमूनचा फोन आला होता. "मॅडम, महदिया रस्त्यावरच्या अपघाताबद्दल एक गोष्ट दाखवायची आहे. फोनवर नको."

इन्स्पेक्टर दुर्रा घोर्बेल तेव्हा कोर्टात होती. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली.

संध्याकाळी पाचला स्फाक्स शहराच्या जुन्या भागातल्या अनीसच्या दुकानात ती पोहोचली, तेव्हा तो कामाच्या टेबलाखाली पडला होता. डोक्यात मागून घाव. तो लॅपटॉप दुरुस्त करायचा. शेजारच्या शिंप्याने त्याला चारला चहा पिताना पाहिलं होतं आणि पावणेपाचला मेलेला.

"काही चोरीला गेलंय?" तिने हवालदार लमजदला विचारलं.

"गल्ला शाबूत आहे, मॅडम. पण या वायरला जोडलेली डिस्क कुणीतरी उपटून नेलीय."

अनीसची नोंदवही तिथेच होती. शेवटची नोंद कालची: 'गाझी फुराती. लॅपटॉपचा पडदा फुटलेला. नवा येईपर्यंत घरचा मॉनिटर जोडून वापरणार. माहितीची प्रत काढून ठेवली. तक्रार: १४४ वेगाचा मॉनिटर ६० वरच चालतो. दोष नाही. लॅपटॉपच्या पोर्टची मर्यादा. समजावून सांगितलं.'

अनीसने आज सकाळी ज्याला फोन केला होता, तोही गाझीच.

गाझी सव्वीस वर्षांचा. आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. बहीण सिरीन चित्रपटाचं संकलन शिकत होती. तिचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत. दार तिनेच उघडलं.

"आज चार ते पावणेपाच कुठे होतास?" दुर्राने गाझीला विचारलं.

"इथेच. ऑनलाइन सामना होता, मॅडम. नऊ खेळाडू साक्षीला आहेत. आयोजकांना विचारा."

"आवाज ऐकला कुणी तुझा?"

"माईक बिघडलाय. लिहून बोलत होतो."

"खेळलास कशावर?"

"हा काय, लॅपटॉप. हा मॉनिटर जोडून. माझ्याकडे दुसरं आहेच काय?"

"अनीसने फोन कशाला केला होता?"

"पडदा आला नाही म्हणून सांगायला." तो हसला. "आता पडद्यासाठी कुणी खून करतं का?"

सिरीन जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. ती हसली नाही.

आयोजकांनी नोंद पाठवली. गाझीचं खातं, गाझीच्या घरचं इंटरनेट, चारला सुरू, चार सेहेचाळीसला बंद.

"सुटला की हा," लमजद म्हणाला.

दुर्राने तो कागद पुन्हा वाचला. फसवणूक पकडायला आयोजक प्रत्येकाच्या पडद्याचा वेगही नोंदवत. गाझीच्या नावापुढे आकडा होता १४४.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्या घरी गेली.

"लॅपटॉप लाव," ती म्हणाली.

गाझीने लावला. तिने मॉनिटरची माहिती उघडायला लावली. ६०.

"वाढव."

यादीत त्याच्या वरचा आकडाच नव्हता.

"खोक्यावर १४४ लिहिलंय, बघा ना!" गाझीचा आवाज चढला.

"मॉनिटर १४४ चाच आहे, कबूल. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलू शकतो. पण चित्र पाठवतो कोण? हा लॅपटॉप. त्याच्या पोर्टमधून साठच्या वर जात नाही. तू स्वतःच तक्रार केली होतीस, अनीसने लिहून ठेवलीय. याचा स्वतःचा पडदा फुटलेला. मग कालचा सामना १४४ वर कुठे झाला?"

गाझीने लॅपटॉप मिटला.

"घर हेच, इंटरनेट हेच. म्हणजे दुसरा कॉम्प्युटर. सिरीन, तुझ्या पडद्याचा वेग किती?"

"एकशे चव्वेचाळीस." सिरीन जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. "हात दुखतोय म्हणाला. संघ हरेल, माझ्या नावाने खेळ म्हणाला. दादा, तू कुठे गेला होतास?"

"गप्प बस!"

"कुठे गेला होतास?"

उत्तर दुर्राने दिलं. "अनीसने मला महदिया रस्त्यावरच्या अपघाताबद्दल फोन केला होता. ऑलिव्हच्या तोडणीहून पायी परतणाऱ्या झोहराला पंधरा दिवसांपूर्वी महदिया रस्त्यावर कुणीतरी गाडीने उडवलं आणि तिला मरायला सोडून गेलं. तू होतास तो. तुझ्या गाडीत कॅमेरा आहे; त्याचं चित्रण तू लॅपटॉपवर उतरवलंस, पाहिलंस, पुसलंस. पण दुरुस्तीआधी अनीसने काढलेल्या पूर्ण प्रतीत पुसलेलंही उतरलं आणि ते त्याला सापडलं. तो भला माणूस. तुला फोन करून म्हणाला, आपणहून पोलिसांकडे जा. तू बहिणीला खेळायला बसवलंस आणि डिस्क आणायला गेलास. तो देईना."

लमजद आत आला. रुमालात गुंडाळलेली डिस्क त्याच्या हातात होती. "गाडीत, स्टेपनीखाली."

"मी मारायला गेलो नव्हतो," गाझी खाली बसत म्हणाला. "तो पोलिसांना फोन लावायला वळला..."

सिरीनने त्याच्याकडे पाठ फिरवली. आई आतून विचारत होती, काय झालं म्हणून.

दुपारी दुर्रा एकटीच झोहराच्या घरी गेली. नवरा अंगणात ऑलिव्हची पोती शिवत होता. तिने त्याला गाझीचं नाव सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली.

"चित्रण पाहिलंत तुम्ही?"

"हो."

"थांबला होता का तो?"

चित्रणात झोहराचा हात तेव्हा अजून हलत होता.

"थांबला होता," दुर्रा म्हणाली. "अकरा सेकंद."

त्याने पुढचं विचारलं नाही. तो तिच्यासाठी पाणी आणायला उठला.