उन्हातली घसरगुंडी

रेलिंगच्या दोन गजांमध्ये डोकं अडकतंय का, ते ती वाकून बघत होती, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, “कुणाचं आहे?”

डोकं लाकडी होतं. लहान मुलाच्या डोक्याएवढं, गुळगुळीत, मागे धरायला मूठ. पालिकेच्या उद्यान विभागात ती मुलांच्या मैदानांची तपासनीस होती, आणि जिथे फट दिसेल तिथे हे डोकं घालून बघणं हे तिचं रोजचं काम. आत गेलं आणि बाहेर येईना झालं, की मैदान नापास.

“शहरातल्या सगळ्या पोरांचं,” ती न वळता म्हणाली. “त्यांच्या वतीने मी घालून बघते.”

“आणि अडकलं तर?”

“तर ज्याने हे रेलिंग केलं, त्याचं घालून बघणार.”

मागे कुणीतरी एवढं मोकळं हसलं, की तिला वळावंच लागलं. उंच, जरासा पोक काढून उभा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हातात एक इवलासा गुलाबी बूट. बुटाची मालकीण लंगडी घालत आली. “मामा, माझा बूट दे ना!” तिच्यामागे आणखी पोरांचा घोळका, तीही “मामा, मामा” करत त्याच्या पायांना झोंबली.

“एवढ्या बहिणी?” तिने विचारलं.

“बहीण एकच. बाकीची भाचरं पार्कात मिळाली. इथे सगळे मला मामाच म्हणतात. तुम्हीही म्हणा, हरकत नाही.”

“नको,” ती म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली, आणि मग उगाचच लाकडी डोकं रुमालाने पुसत बसली.

नवं मैदान असलं की पहिलं वर्षभर अधूनमधून चक्कर मारावी लागते. माती दबते, बोल्ट सैल होतात, आणि पोरं प्रत्येक वस्तू ती ज्यासाठी केलेली नसते त्यासाठीच वापरतात. त्यामुळे ती येत राहिली. तो तर रोजच असायचा. त्याची बहीण हॉस्पिटलात नर्स होती. तिची ड्युटी संपेपर्यंत भाची त्याच्या गळ्यात. बाकावरची बाकीची मोठी माणसं फोनमध्ये मान घालून बसायची. हा मात्र अटीतटीचा सामना चालू असल्यासारखा पोरांकडे बघत असायचा.

“तुम्ही काय करता?” एकदा तिने विचारलं.

“एका कंपनीत आहे. कागदावर रेघा मारतो.”

“चित्रकार?”

“तेवढं नशीब कुठलं!”

तिने पुढे विचारलं नाही. तिला स्वतःचंच बोलायचं असायचं. आधी भौतिकशास्त्र शिकलेली, त्यात ऑफिसात सगळे तिला ‘मोजपट्टी’ म्हणत; झोका केवढ्या कोनात गेला की पोरगं किती लांब उडतं, हे ऐकायला तिला आजवर कुणी भेटलं नव्हतं. हा ऐकायचा. नुसता ऐकायचा नाही, मधेच “थांबा, थांबा, आणि साखळी लांब असेल तर?” असं विचारायचा. त्या ‘थांबा, थांबा’साठी ती पुढच्या वेळी मुद्दाम काहीतरी अर्धवट सांगायची...

एका संध्याकाळी तिने मैदानाच्या कडेची बुटकी भिंत दाखवली. वाळूच्या हौदापासून हाताच्या अंतरावर, वाकडीतिकडी, बसण्याजोगी. “ही कागदपत्रांत ‘शोभेची भिंत’ आहे. पण बघा ना, नवीन आलेलं पोर आधी इथे बसतं. खेळायचं तर असतं, पण कुणी बोलावलेलं नसतं. मग बसल्या बसल्या पाय वाळूत जातात, मग हात जातात, आणि कुणाला कळायच्या आत ते खेळात असतं. ज्याने हे केलं ना, त्याला लहानपणी कुणी खेळायला घेत नसणार.”

 एरवी लगेच काहीतरी खोडी काढणारा माणूस... बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आणि तुम्हाला हे कसं कळलं?”

“मला तरी कोण घेत होतं? मी खेळाचे नियम दुरुस्त करायचे.”

त्या दिवशी निघताना दोघांचेही पाय रेंगाळले. फाटकापाशी “चला”, “हो, चला” असं इतक्या वेळा झालं, की भाचीने कपाळावर हात मारून घेतला.

घरी वहिनीने दार उघडलं आणि नखशिखान्त बघून घेतलं. “आज काय मोजून आलीस?”

“झोके.”

“चेहरा तर झोक्यावर बसून आल्यासारखा दिसतोय. अहो, ऐकलंत का,” तिने आत दादाला हाक मारली, “तुमच्या बहिणीला कुणीतरी ढकललंय!”

“लागलं का?” दादा आतून घाबरून ओरडला.

“लागलं वाटतं!” वहिनी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर भिंतीला टेकून हसत सुटली.

मग पानगळ आली. घसरगुंडीवर सावली धरणारं मोठं झाड बघता बघता रिकामं झालं आणि दुपारचं ऊन थेट पत्र्यावर उतरलं. तिने बंदुकीसारखा थर्मामीटर पत्र्यावर रोखला, आकडा बघितला, पुन्हा रोखला. तेवढ्यात भाची वरून सरकत आली आणि मांड्या चोळत रडायला लागली. फोड आले नव्हते, पण लाल झालं होतं. त्याने तिला उचलून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“हे कुठल्या गाढवाने केलं ते मला कळलंय,” ती संतापून म्हणाली. “झाडाला पानं होती तेव्हा येऊन जागा बघितली, म्हणाला वा, काय सावली आहे! झाडाचीही पानं गळतात, एवढंसुद्धा डोक्यात येऊ नये?”

“गाढव... असेल,” तो भाचीच्या केसांत तोंड लपवून म्हणाला.

तिने तिथल्या तिथे घसरगुंडीला लाल पट्टी बांधली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात बैठक होती. मैदान ज्या कंपनीने केलं, तिचा डिझायनर उत्तर द्यायला येणार होता. कंपनीला आणखी उद्यानांची कामं मिळणार की नाही, हेही त्या उत्तरावर ठरणार होतं. दार उघडलं आणि तो आत आला. इस्त्रीचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, काखेत नकाशांची गुंडाळी.

तिने समोरचा अहवाल उघडला. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “हं, वाच.” आणि तिने वाचलं. एक शब्द मऊ केला नाही, एक शब्द वाढवला नाही. जागेची पाहणी एकाच ऋतूत केली आहे, पत्रा पोळतो, दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवावी.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. “तुमचं म्हणणं?”

“मॅडमचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. मी सुधारून देतो.”

जिन्यात त्याने तिला गाठलं. “ऐका ना—”

“किती दिवस ऐकत होतात तुम्ही! मी त्या माणसाला गाढव म्हणत होते, आणि तो माझ्या शेजारी बसून माना डोलावत होता!”

“सांगितलं असतं, तर तुम्ही जपून बोलला असतात.”

“मी कुणाशीच जपून बोलत नाही!”

“हो. ते आता कळलं.”

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती, म्हणून पाठ फिरवूनच विचारलं. “तुम्ही बोलायला कुणाकडे येत होतात? माझ्याकडे, की माझ्या अहवालाकडे?”

त्याला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला. तेवढा क्षण तिला पुरला. ती निघून गेली.

मैदानाकडे फिरकायचं नाही असं ठरवून तिने सुट्टीच्या दिवशीची सकाळ कशीबशी काढली, आणि भरदुपारी तिथेच जाऊन उभी राहिली. पार्कात चिटपाखरू नव्हतं. बंद घसरगुंडीजवळ तो जमिनीवर उकिडवा बसला होता, कपाळ घामाने थबथबलेलं, बोटं खडूने पांढरी. चढायच्या बुरुजाची सावली पडत होती, तिच्या कडेने त्याने रेघ मारली होती. तिच्या आधीची रेघ, तिच्याही आधीची रेघ... सकाळपासून सरकत आलेली अख्खी सावली फरशीवर उतरली होती.

तिने रेघांकडे बघितलं. राग होताच, पण रेघा इतक्या नीट होत्या, की राहवलं नाही.

“घसरगुंडी बुरुजाच्या या बाजूला घेणार?”

तो दचकला. “हो. इथे दुपारभर सावली असते.”

“आत्ता असते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येईल. मग ही सावली बुरुजाच्या पायाशी गोळा होईल आणि घसरगुंडी पुन्हा उन्हात.” ती चप्पल काढून रेघांमध्ये उतरली. “तुम्ही परत एकाच ऋतूत जागा बघताय!”

त्याने खडूकडे बघितलं, वर बघितलं, आणि कपाळाला हात लावला. कपाळावर पांढरी बोटं उमटली. “गाढव,” तो म्हणाला.

तिला हसू आवरलं नाही. आणि एकदा हसल्यावर पुन्हा रागवायला काही जमेना. मग दोघं फरशीवर बसून उन्हाळ्यातली सावली काढत बसली. ती कोन सांगत होती, तो रेघ मारत होता. वर कापडी छत हवंच, असं ठरलं. “पांढरं नको, डोळे दिपतात,” ती म्हणाली. “हिरवं?” “हिरवं चालेल.” खडू घेताना बोटांना बोटं लागली, आणि खडू मधल्यामध्ये जमिनीवर पडला.

“त्या दिवशी जिन्यात...” तो खाली बघत म्हणाला. “मला उशीर झाला, कारण मी खरं उत्तर शोधत होतो. आधी मी माझं मैदान बघायला यायचो. मग तुम्ही माझ्या मैदानाबद्दल काय म्हणता ते ऐकायला. मग... तुम्ही आला नाहीत त्या दिवशी मी भाचीला लवकर घरी नेलं. मैदान तिथेच होतं. थांबावंसं वाटेना.”

ती एकदम उठली. चप्पल उलटसुलट घातली आणि निघाली.

सोमवारी सकाळी ती विभागप्रमुख बाईंच्या टेबलासमोर उभी होती.

“त्या मैदानाची फेरतपासणी दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“का गं? तूच बंद केलंस, तूच उघड.”

“काम करणारा जवळचा असेल तर तपासनीसाने बाजूला व्हायचं, असा नियम आहे ना आपला?”

बाईंनी चष्मा काढला. “तो डिझायनर? तुझा कोण लागतो?”

“अजून कुणी नाही.”

“मग?”

“पण लागावा असं वाटतंय.” तिचे कान तापले, तरी तिने वाक्य अर्धवट सोडलं नाही. “आणि असं वाटत असताना मी पत्रा तपासायला गेले, तर थर्मामीटर काहीही दाखवो, मला तो गारच वाटेल.”

“त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“म्हणजे पोराच्या आधी ऑफिसला कळवलंस?” बाई खुर्चीत मागे रेलल्या. “मोजपट्टे, तुझं कसं व्हायचं गं!”

घसरगुंडी सरकली, हिरवं छत ताणलं गेलं, आणि फेरतपासणीला विभागातले सगळ्यात ज्येष्ठ तपासनीस, सगळ्यांचे काका, पिशवी घेऊन आले. पट्टीच्या अलीकडे पोरं ताटकळत उभी होती. ती रिकाम्या हाताने आली आणि लांबच्या सी-सॉच्या एका टोकावर जाऊन बसली.

तो काकांना सोडून तिच्याकडे आला. दुसऱ्या टोकावर बसला, आणि ती अलगद वर गेली.

“काकांना का पाठवलंत? अजून रागावला आहात?”

“नाही. मला ते तपासता येत नाही. जवळच्या माणसाचं काम तपासायचं नसतं.”

तिचे पाय हवेत लोंबत होते. खाली उतरून पळून जायची सोय नव्हती.

“जवळच्या...” तो फळीवर पुढे झुकला. “किती जवळच्या?”

“ऑफिसात सांगून टाकलंय मी. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं.”

तो ताडकन उठायला गेला.

“उठू नकोस!” ती किंचाळली. “मी आपटेन!”

तो तसाच बसला, मग पाय रोवून सावकाश उभा राहत गेला. फळी सपाट झाली, तिचे चवडे जमिनीला टेकले. दोघं दोन टोकांना, अर्धवट उभी.

“मी तर ठरवलं होतं,” तो म्हणाला, “सावली बरोबर पडली, की मग तुला सांगायचं.”

“आणि नसती पडली तर?”

“तर उन्हात सांगितलं असतं.”

तिकडे काकांनी लाल पट्टी सोडली. पोरं एकच गलका करत धावली, भाची सगळ्यांत पुढे, “मामा, बघ, मामा!” असं ओरडत. मामाने हात हलवला, पण मान काही वळवली नाही. फळी मधोमध सपाट होती, ऊन मऊ झालं होतं, आणि आधी कोण उतरणार, हे ठरवायची दोघांनाही मुळीच घाई नव्हती.