सोन्याच्या कणांचा फोटो

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून नमुना नाहीसा झाला होता. करंगळीच्या नखाहूनही लहान तांब्याची जाळी आणि तिच्यावर आजारी पेशींचा पातळ काप. फोटो मात्र पडद्यावर झळकत होता.

"या फोटोच्या भरवशावर उद्या माझ्या नवऱ्याचं चालू औषध बंद करून नवं सुरू करायचंय," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "पण मूळ जाळी पाहिल्याशिवाय माझं मन घेत नाही."

खासगी तपास करणाऱ्या मावशींनी मान डोलावली. त्यांच्या सोबतच्या निवृत्त हवालदारांना फोटोत काही म्हणजे काही कळेना.

काप काढणारी मुलगी रडवेली झाली होती. "काप जाळीवर उचलला आणि आईला चक्कर आली म्हणून घरी पळाले. शिसं चढवायचंसुद्धा राहिलं."

"शिसं कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"पेशी हलकी असते, इलेक्ट्रॉन आरपार जातात. जड धातू चढवला तरच तिच्या रेषा उठून दिसतात. त्याआधी आम्ही दुसरं काही लावत नाही."

"मावशी, घाईत हिनंच हरवली!" हवालदार म्हणाले.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! थांबा जरा."

औषध शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे बाईंचे धाकटे दीर. "वहिनी, या पोरीला कशाला पाठीशी घालता?" ते म्हणाले. "मी टेबलावरची जाळी यंत्रात घातली, फोटो काढला, परत तिच्या डबीत ठेवली. बघा, पेशीचा पडदा कसा रेखीव! आणि औषधातले सोन्याचे कण थेट आत."

"जाळीला तुम्ही काही लावलंत?" मावशींनी विचारलं.

"छे! होती तशी घातली."

"मग हा फोटो त्या जाळीचा नाहीच."

दिरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"सोनं जड, ते शिशाविनाही काळंभोर दिसलं असतं," मावशी म्हणाल्या. "पण पेशी? धुक्यासारखी पुसट. इथे तर रेषा न् रेषा कोरलेली. हा शिसं चढवलेल्या दुसऱ्याच कापाचा फोटो. खरी जाळी तुम्ही पाहिलीत, नको ते दिसलं आणि दडवलीत."

दिरांनी खिशातून डबी काढली. "कण सगळे पेशीबाहेरच अडलेत, वहिनी. दादा रोज विचारतो, झालं का रे तुझं औषध? नाही म्हणवेना."

"आणि चालू औषध बंद झाल्यावर काय झालं असतं त्यांचं?" बाईंनी विचारलं.

दिरांनी डबी त्यांच्यापुढे ठेवली.

"चला घरी, भाऊजी. आजची गोळी तुमच्या हातानं द्या. आणि खरं काय ते तुम्हीच सांगा."

हवालदारांनी नोकरीत कितीतरी जणांना आत टाकलं होतं. दिरांकडे पाहून त्यांना वाटलं, याला कोठडी परवडली असती.