बिशप ऐयांचा एकच प्रश्न

वेदमुत्तू त्या रात्री निघाला तो देवळाच्या पाळकांना बोलावून आणायला. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. गेल्या साली झावळ्यांच्या रविवारची आदली रात्र होती ती. जेबराज, तू त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून ताडाच्या कोवळ्या पानांचे क्रूस वळत होतास आणि निम्मे वाकडे केलेस, तेव्हा तुला तरी आठवायला हरकत नाही.

आपल्या देवळाची घंटा वाजवणारा वेदमुत्तू घंटेपेक्षा कमी बोलायचा. पण लेक रूबावती बाळंतपणाला आली, नात झाली, आणि हा माणूस विहिरीवर बायकांशीसुद्धा बोलायला लागला. फार दिवस नाही. पोरीचं काळीज जन्मतःच कच्चं होतं. तिरुनेलवेलीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. रविवारी उपासनेनंतर बाप्तिस्मा ठरला होता.

शनिवारी रात्रीच पोरीचे ओठ निळे पडायला लागले. पाळक समुद्राकडच्या मंडळीत गेलेले, त्यांचा फोन लागेना. वेदमुत्तूची बायको पोन्नम्माळ म्हणाली, "अहो, तुम्हीच घाला पाणी. जीव जात असला तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा, असंच शिकवलंय ना आपल्याला?"

वेदमुत्तूनं आपले हात पाहिले. दोर ओढून घट्टे पडलेले. "हे हात? एकदाच व्हायचंय तिचं. नीट होऊ दे," म्हणाला, आणि सायकल काढली.

मूर्ख म्हणाल त्याला. म्हणा. पण हा मूर्खपणा या गावाच्या हाडात मुरलेला आहे, आणि तो कुठून आला ते कळायला बिशप ऐयांचं सांगितलं पाहिजे.

ऐया विलायतेतून आले तेव्हा मिसरूड फुटलेले पोरगेच होते. ताडाखाली वाळूत बसून राहायचे, वर चढलेला माणूस उतरला की त्याच्याशी बोलायचे, आणि तशीच आपली भाषा शिकले. शिव्यांसकट, असं माझा आजा सांगायचा. देऊळ त्यांनी बांधलं, शाळा त्यांनी काढली. पटकीच्या साथीत घरच्यांनीही हात लावला नाही अशी प्रेतं त्यांनी खांद्यावर वाहिली. माणूस सोन्याचा, पण नियमाचा पक्का. बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल कबरस्तानाच्या भिंतीआत पुरायचं नाही, हा नियम त्यांचा. कितीतरी आया पाया पडल्या. ऐया त्यांच्याबरोबर रडायचे, पण भिंतीचं दार उघडायचे नाहीत.

मग त्यांना मुलगा झाला. ऐया तेव्हा वाड्यावस्त्यांवर फिरतीला गेलेले. मूल गळायला लागलं, तशी मडमेनं उपदेशकाला विनवलं, तू पाणी घाल. तो हात जोडून उभा राहिला. ऐयांचं लेकरू, मी कोण हात लावणारा, ऐया येतीलच... ऐया आले ते वाळूनं भरलेल्या बुटांनिशी, आणि उशिरा आले. नियम त्यांचाच. भिंतीबाहेर बाभळीखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. पोराला नाव नव्हतं, म्हणून दगडही नाही.

पुढं ते बिशप झाले, शहरात बंगल्यात राहायला गेले. अर्ध्या जिल्ह्याच्या पोरांना त्यांच्या हातून नाव मिळालं. मरताना म्हणाले, मला त्या बाभळीखालीच न्या. आपल्या लोकांनी त्यांना मान दिला, वेदीपुढं पुरलं. पोरगं राहिलं बाभळीखालीच. मान देण्यात आपला हात कोण धरणार?

तेव्हापासून म्हणतात, रात्री त्या वाटेला ऐया भेटतात आणि बाप्तिस्म्यात विचारतात तेच विचारतात. बाळाचं नाव काय? उत्तर द्यायचं नाही. ज्याचं नाव सांगाल, ते मूल त्यांच्याबरोबर जातं.

वेदमुत्तू बाभळीपाशी आला. वाळू दाट. तो उतरला, सायकल ढकलायला लागला.

वारा नव्हता. तरी ताडांची पानं वाजत होती. मग तीही थांबली.

मागं कुणीतरी चालत होतं.

जड पावलं... बूट. वाळूनं भरलेले.

वेदमुत्तू थांबला. पावलंही थांबली. त्यानं वळून पाहिलं नाही. त्याच्या खांद्याशी कुणीतरी श्वास घेत होतं. धावत आलेल्या माणसासारखा. उशीर झालेल्या माणसासारखा.

"बाळाचं नाव काय?"

वेदमुत्तूनं दात आवळले. नाव ओठांवर होतं. सांगितलं तर...

नाही सांगितलं तर?

पाळक अजून लांब होते. पोरीचे ओठ त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. मागं कुणीतरी रडत होतं. आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तसं.

"बाळाचं... नाव काय?"

"एस्तर," वेदमुत्तू म्हणाला. "एस्तर नाव आहे तिचं, ऐया."

मागं काही नव्हतं. पावलंही नाहीत.

सायकल तिथंच टाकून तो घराकडं पळाला. वाळूत पाय रुतत होते. या वयात. अनवाणी.

घरात कुणी रडत नव्हतं. रूबावती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"अप्पा, आत्ताच गेली," ती म्हणाली. "तुम्ही कुठं होता?"

वेदमुत्तू पोरीजवळ खाली बसला.

पोरीचं कपाळ ओलं होतं. पोन्नम्माळला वाटलं घाम, तिनं पदरानं टिपलं. ते परत ओलं झालं. कोपऱ्यात पाण्याची कळशी होती, तिच्यावरचं झाकण कुणी हलवलं नव्हतं.

पाळक पहाटे आले. त्यांनी कपाळाला बोट लावलं आणि बोटाकडं पाहिलं. मग कुणी दिला बाप्तिस्मा, असं विचारलं. वेदमुत्तूनं सांगितलं. पाळक शिकलेले, हसले असते तर मी समजू शकलो असतो. हसले नाहीत. एस्तरला त्यांनी भिंतीच्या आत जागा दिली.

वेदमुत्तू मला अजून विचारतो, अण्णा, नाव सांगून मी तिला वाचवलं, की धाडलं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

एस्तरला पुरलं त्या दिवशी ऊन असं होतं की विहिरीचा काठ भाजत होता. पेटी उघडीच ठेवून आम्ही तिला देवळापासून भिंतीपर्यंत नेली. झाकण लावायच्या आधी रूबावतीनं पोरीच्या कपाळाचा शेवटचा मुका घेतला, आणि मान वर केली तेव्हा तिचे ओठ ओले होते.